घरात कुणाला नागीण उठली तर: पहिल्या दिवसापासून खपली पडेपर्यंत काय करायचं

बरगडीखाली, कमरेला किंवा पाठीला एकाच बाजूला दोन-तीन दिवस आग होते, आतून ठणकतं, अंगावरचा सदरा घासला तरी सहन होत नाही. मग त्याच जागी कातडी लाल होते आणि तिच्यावर बारीक पाणीदार फोड झुबक्याझुबक्यांनी वर येतात. सोलापुरात घरातल्या जुन्या माणसांना हे पाहिलं की लगेच कळतं, नागीण उठली. त्यांची ओळख बहुतेक वेळा बरोबर असते. पुढे मात्र कुणी काव उगाळायला घेतं, कुणी दूर्वा-तांदूळ वाटायला बसतं, कुणी नागीण उतरवून देणाऱ्याचा पत्ता सांगतं. ज्या तीन दिवसांत औषध सुरू व्हायला हवं, ते तीन दिवस असेच जातात.

ज्यांच्या घरात नागीण पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या सासूबाईंना कमरेवर नागीण झाली होती तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाला झाली की मला हाक येते. घरची काळजी कशी घ्यायची ते सगळं सांगते. पण ही काळजी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना घ्यायची आहे, गोळ्यांच्या बदल्यात नाही.

नागीण होते कशाने

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, मोठं आजारपण आलं, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, मधुमेह किंवा एचआयव्ही असला की प्रतिकारशक्ती कमी पडते आणि तो जागा होतो. एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. त्या मज्जातंतूचा जेवढा पट्टा, तेवढ्याच पट्ट्यात फोड. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूला असते आणि आधी दुखून मग दिसते. छातीच्या डाव्या बाजूला असली तर फोड येण्याआधी हृदयाचं दुखणं वाटतं, कुशीत असली तर मुतखडा वाटतो. छातीत दुखत असेल तर "नागीणच असेल" म्हणून घरी थांबू नका, आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

मराठी घर असो, कन्नड असो की तेलुगू, नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो ही भीती सगळीकडे सारखीच आहे. ही भीती खरंच काढून टाका. डाव्या आणि उजव्या अंगाचे मज्जातंतू वेगवेगळे असतात, त्यामुळे पट्टा बेंबीशी आणि कण्याशी येऊन थांबतो, विळखा सहसा पुरा होतच नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसाला फोड दोन्हीकडे किंवा अंगभर येऊ शकतात आणि त्याला रुग्णालयातच न्यावं लागतं. तिथेही धोका असतो तो खालावलेल्या शक्तीमुळे, टोकं जुळण्याशी त्याचा संबंध नाही. सासूबाई रात्री दिवा बंद झाला की टोक कुठवर आलं ते बोटाने चाचपायच्या. सकाळी पाहावं तर त्याच बोटाने दोन-चार फोड फुटलेले असायचे. मी त्यांना आरसा धरून बेंबीपाशी थांबलेली कड दाखवली, तेव्हा कुठे त्या झोपायला लागल्या.

दोन गोष्टी नागिणीसारख्या दिसतात. पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारीक, लांबट, काळा-नारिंगी किडा येतो. तो मानेवर किंवा हातावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते आणि दुसऱ्या दिवशी लाल रेघ उठून तिच्यावर फोड येतात. तिथे आधीचे दोन-तीन दिवसांचे ठणके नसतात. झोपून उठल्यावर एकदम रेघ दिसली तर त्या किड्याचा विचार करा, जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि शंका असेल तर दाखवा. दुसरं म्हणजे ओठाच्या कडेला तापानंतर फुटणारा 'जर', म्हणजे बारीक फोडांचा झुबका. नागीण काय आणि हा काय, डॉक्टर दोन्हींना हर्पीस म्हणतात, पण याचा विषाणू नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद, तोच नव्हे. हा ओठावरचा फोड बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. तोवर त्याला हात लावायचा नाही, उष्टा पेला-टॉवेल दुसऱ्याला द्यायचा नाही आणि तान्ह्या बाळाचे मुके घ्यायचे नाहीत. गुप्तांगावर असे फोड आले तर लाज न धरता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. त्याच्या गोळ्या वेगळ्या मापात असतात, आणि फोड असेपर्यंत शरीरसंबंध टाळायचा असतो.

पहिले 72 तास

फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होतो. नवे फोड थांबतात, जखमा लवकर सुकतात, दुखणं कमी होतं. म्हणून आज फोड दिसले तर आज, फार तर उद्या सकाळी डॉक्टर. जवळचे एमबीबीएस डॉक्टर चालतात, त्वचारोगतज्ज्ञ मिळाले तर अधिक चांगलं. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सकाळच्या वेळेत केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. तीन दिवस उलटून गेले असले तरी जा. नवे फोड येत असतील, वय जास्त असेल किंवा फोड चेहऱ्यावर असतील तर डॉक्टर तेव्हाही गोळ्या देतात.

मोठ्या माणसाला साधारणपणे अ‍ॅसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा सात दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातून तीन वेळा सात दिवस देतात. हे आकडे चिठ्ठी वाचताना समजावं म्हणून दिले आहेत, मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणण्यासाठी नव्हेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना माप कमी करावं लागतं, त्यामुळे क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कळणाऱ्या रक्ततपासणीचा, जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या. मधुमेह, रक्तदाब आणि इतर चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. तोंडी सांगताना एखादी हमखास राहते. तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टर कधी एचआयव्हीची तपासणी सुचवतात. वाईट वाटून घेऊ नका, ती काळजीपोटी असते.

पाच वेळच्या गोळीत एक तरी चुकतेच. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10 अशा वेळा कागदावर लिहून तो कागद भिंतीला लावा आणि प्रत्येक गोळीनंतर त्यावर खूण करा. फोड सुकायला लागले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडायच्या नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असतो. अंगातलं पाणी कमी पडलं तर या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. म्हातारी माणसं तहान लागली तरी मागत नाहीत, तेव्हा तांब्या उशाशी ठेवून आपणच प्यायला लावायचं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर मात्र त्यांना विचारूनच.

आणखी एक. मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की अनेकदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण असलेली ट्यूब हातात येते. ती नागिणीवर लावू नका.

फोडांची रोजची काळजी

खरी मेहनत इथे आहे, आणि ती सगळी साध्या पाण्या-कापडाची आहे.

आधी पाण्याचं बघा. आपल्याकडे नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, पाणी पिंपात साठवलेलं असतं. फोडांसाठी ते पाणी थेट घेऊ नका. उकळून, झाकून गार केलेलं पाणी एका वेगळ्या भांड्यात ठेवा. छोटा माठ मोकळा असेल तर त्यात ठेवलं की हवं तेवढंच गार होतं. फ्रिजचं बर्फगार पाणी नको, बर्फ तर मुळीच नको. आगीने हैराण झालेला माणूस स्वतःच बर्फ मागतो, पण दुखावलेल्या कातडीला बर्फाने आणखी इजा होते.

आपले हात साबणाने धुऊन घ्या. जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा धुतलेला तुकडा त्या पाण्यात बुडवून पिळा आणि फोडांवर अलगद ठेवा. दाबायचं नाही, पुसायचं नाही. पंधराएक मिनिटं राहू द्या, तुकडा कोमट झाला की पुन्हा बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा असं केलं की आग आणि खाज दोन्ही उतरतात. फोड ओले आहेत तोवरच या पट्ट्या. खपली धरायला लागली की बंद करा, नाहीतर खपली भिजून सुटते. वापरलेला तुकडा परत भांड्यात टाकायचा नाही, प्रत्येक वेळी नवा घ्यायचा.

पट्टी काढल्यावर जागा वाऱ्यावर सुकू द्या. मग कॅलामाइन लोशन बाटली नीट हलवून बोटाने थापल्यासारखं लावा. डोळ्याजवळ आणि फुटलेल्या फोडांवर नको. फोड फुटून पाझरत असेल तर त्यावर व्हॅसलिनसारख्या साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन जखमेला न चिकटणारी जाळी ठेवा आणि वरून सैल पट्टी गुंडाळा. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि काढताना कातडी घेऊन येतात. चिकटपट्टी लावायचीच झाली तर चांगल्या कातडीवर लावा.

फोड सुईने फोडायचे नाहीत. पाणी निघालं म्हणजे विष निघालं, असं काही नसतं. उलट दार उघडं राहतं आणि त्यातून जिवाणू शिरतात. नखं कापून ठेवा. झोपेत खाजवणाऱ्याच्या हातात रात्री सुती मोजे घातले तरी चालतात.

अंघोळ बंद करू नका. "नागिणीला पाणी लागू देऊ नये" असं सांगणारे भेटतील, पण मळ आणि घाम साचला की जखम चिघळते. साधं किंवा किंचित कोमट पाणी, सौम्य साबण, घासणी नको. टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं. त्या माणसाचा टॉवेल, चादर आणि कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा.

कपड्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात. कमरेची नागीण असलेल्या बाईच्या परकराची नाडी नेमकी फोडांवर येते. सासूबाई नऊवारी सोडायला तयार नव्हत्या, पण काष्ट्याचा पीळ आणि ओचा त्या पट्ट्यावरच बसत होता. शेवटी सैल मॅक्सी घालायला राजी झाल्या आणि त्या दिवसापासून कण्हणं अर्धं झालं. पुरुषांनी करदोटा काढून ठेवावा, पट्टा लावू नये. छातीच्या पट्ट्यावर असेल तर बायकांनी तेवढे दिवस घट्ट अंतर्वस्त्रं टाळावीत. सोलापुरी चादर आपल्या अभिमानाची, पण तिची जाड वीण या कातडीला बोचते. ती खाली अंथरा आणि अंगाला लागेल तिथे धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा जुनी सुती साडी घाला. कूलरचा झोत थेट फोडांवर आला तरी काहींना सुया टोचल्यासारखं होतं. कूलर बंद न करता तोंड भिंतीकडे वळवा.

विड्या वळणाऱ्या बायकांना एक सांगणं. मांडीवर सूप घेऊन वाकून बसलं की पोट-कमरेचा पट्टा सतत चोळला जातो. मजुरी बुडते हे कळतं, पण निदान फोड सुकेपर्यंत बैठक मोडा. बोटांवर किंवा तळव्यावर फोड असतील तर खपली धरेपर्यंत काम नकोच.

काय लावू नये

बिब्बा, चुना, राख, शेण, रॉकेल, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. बिब्ब्याने तर चांगली कातडीही जळते. डाग देऊन घेणं म्हणजे आजारावर भाजल्याची जखम वाढवणं. काव किंवा दूर्वा-तांदळाचा लेप लावला की आधी गार वाटतं हे खरं आहे, पण वाळला की तो कातडी ओढतो, काढताना फोड फुटतात आणि डॉक्टरांना खाली काय आहे ते दिसत नाही. गारवाच हवा आहे ना, तो ओल्या पट्टीने मिळतो.

नागीण उतरवणाऱ्याकडे गेल्याने गुण आला, असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. फोड आठवडा-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांची नागीण सुकते, कुणाकडे गेलं तरी आणि न गेलं तरी. घरातल्या मोठ्यांच्या मनाला आधार वाटत असेल तर त्यांच्याशी भांडत बसू नका. अंगाला काही लावून घ्यायचं नाही आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत, एवढं मात्र ठामपणे सांगा.

पथ्याचंही असंच. तेल, मीठ, तिखट सगळं बंद करून माणसाला नुसत्या पेजेवर ठेवतात. फोड तोंडात नसतील तर भाकरी, शेंगाचटणी, डाळ, दूध, अंडं, जे पचतं ते सगळं चालतं. जखम भरायला अन्न लागतं. मधुमेह्याने साखर मात्र तपासत राहावं.

दुखणं

साध्या दुखण्याला डॉक्टर पॅरासिटामॉल देतात. नागिणीचं दुखणं मज्जातंतूचं असतं, जळजळ, चमका, वीज गेल्यासारखे झटके. त्यावर पॅरासिटामॉल पुरत नसेल तर सहन करत न बसता परत जा. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं आहेत. या गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते. रात्री म्हातारं माणूस मोरीकडे निघालं की तोल जाऊन पडतं, म्हणून पहिले काही दिवस दिवा चालू ठेवा आणि उठताना हाक मारायला सांगा.

फोड गेले तरी काहींचं दुखणं राहतं. तीन महिन्यांच्या पुढे टिकलं तर तो नागिणीनंतरचा मज्जातंतूचा त्रास समजतात, आणि साठीच्या पुढच्यांत तो जास्त दिसतो. बाहेरून कातडी बरी दिसते म्हणून घरच्यांना वाटतं, आता नाटक करतात. तसं नसतं. पदराची झुळूक लागली तरी त्यांना खरंच आग होते. काहींना अशा वेळी सैल कपड्यापेक्षा अंगाबरोबर बसणारी मऊ सुती बंडी बरी वाटते, कारण ती हलत नाही आणि घासत नाही.

घरातली बाकीची माणसं

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ही काळजी घ्यायची. फोड झाकून ठेवा, हात धुवा. गरोदर बाई, तान्हं बाळ आणि कर्करोगाचे उपचार घेणारं माणूस यांना जवळ बसवू नका. कांजिण्या न आलेल्या गरोदर बाईचा संपर्क आलाच असेल तर फोड यायची वाट न पाहता लगेच तिच्या डॉक्टरांना सांगा. आजारी माणसाला खोलीत कोंडून ताट सरकवायची मात्र गरज नाही.

यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय

कपाळावर, पापणीवर किंवा नाकावर फोड आले तर थांबू नका. नाकाच्या शेंड्यावरचा फोड डोळ्यात विषाणू पोहोचल्याची खूण असू शकते, डोळा लाल नसला तरी. नजर जाण्याचा धोका असतो, डोळ्यांच्या डॉक्टरांनाच दाखवा. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, ऐकू कमी आलं किंवा गरगरलं तर कान-नाक-घशाचे डॉक्टर. फोड पट्टा सोडून अंगभर पसरले, जोराचा ताप आला, डोकं फार दुखून मान ताठली, माणूस बरळायला लागला, लघवी अडली, किंवा फोडांभोवतीची लाली वाढत जाऊन पू झाला, तर घरचे उपाय थांबवा आणि निघा.

खपली पडल्यावर

खपली ओढून काढू नका, आपोआप पडते. खाली गुलाबी किंवा काळपट डाग राहतात, ते काही महिन्यांत फिके होतात. साधं खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली आता लावायला हरकत नाही.

नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून लशीचं विचारा. शिंग्रिक्स ही लस भारतात 2023 पासून मिळते. ती 50 वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या त्याहून तरुण माणसांनाही डॉक्टर सुचवू शकतात. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. सरकारी लसीकरणात ती नाही आणि महाग आहे, त्यामुळे दुसऱ्या डोसचे पैसे आधीच बाजूला काढा. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, पण अंगावर फोड असताना नाही. बरं झाल्यावर किती दिवसांनी घ्यायची हे शेवटच्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना विचारून केसपेपरवर लिहून घ्या.